मलेरियाची गोळी आणि माझं रविवारचं प्रवचन

माणसाला एखाद्या विषयातलं काहीच कळत नसलं तर तो गप्प बसतो, आणि सगळं कळत असलं तरी बहुधा गप्पच बसतो. बोलतो तो मधला. ज्याला त्या विषयात येऊन तीन आठवडे झालेत, तो. मला मलेरियात येऊन बरोबर तीन आठवडे झाले होते.

मलेरियात येऊन म्हणजे मला तो झाला होता असं नाही. नेदरलँड्समधल्या एनस्खेडेत मलेरिया व्हायचा तर डासालाही व्हिसा काढावा लागेल. मी इथे एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. लोक आम्हाला आकडे देतात, आम्ही त्यांची चित्रं करून देतो. कुणाच्या गोदामातला माल, कुणाच्या बसगाड्यांचा उशीर, काहीही. त्या वर्षी एका संशोधन गटाचं काम आलं. पश्चिम आफ्रिकेत जिथे पावसाळ्याच्या चार-पाच महिन्यांत मलेरिया नुसता थैमान घालतो, तिथे पाच वर्षांखालच्या मुलांना त्या काळात दर महिन्याला तीन दिवस गोळ्या देतात. ताप आला म्हणून नाही, येऊ नये म्हणून. खेळतंय-बागडतंय अशा पोरालाही धरून गोळी द्यायची. त्यानं मुलं आजारी पडत नाहीत, दगावत नाहीत, याबद्दल कुणाला शंका नव्हती. या गटाचा प्रश्न त्याच्या पुढचा होता. लहानपणी मलेरिया कमी झाला, तर शरीराची त्याच्याशी ओळखही कमी होते का? आणि मग मूल पाच वर्षांचं झालं, गोळ्या थांबल्या, की ते उघडं पडतं का? त्यासाठी त्यांनी मुलांच्या रक्तातल्या अँटीबॉडीज मोजल्या होत्या. मला एवढंच करायचं होतं, की प्रत्येक मुलाचा पडद्यावर एक ठिपका काढायचा आणि अँटीबॉडीज किती आहेत त्याप्रमाणे त्याला रंग द्यायचा.

कुठला रंग, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नाही. पंधरा वर्षं हेच करतोय. जास्त म्हणजे हिरवं, कमी म्हणजे लाल. गोदामात माल भरपूर, हिरवं. बॅटरी संपत आली, लाल. आता हात आपोआप चालतो, डोक्याला उठवावं लागत नाही. मी बटण दाबलं आणि शेकडो ठिपके उमटले. ज्यांना गोळ्या मिळाल्या नव्हत्या ती मुलं बरीचशी हिरवीगार. ज्यांना महिनोन्‌महिने नियमानं मिळाल्या ती लालसर.

मी खुर्चीत मागे रेललो. मला साक्षात्कार झाला होता. गोळ्या मुलांची प्रतिकारशक्ती खातात!

आता हा साक्षात्कार मला इतका का भिडला, त्याला थोडा इतिहास आहे. आम्ही दोघं नवरा-बायको पुण्याहून आलो तेव्हा आमच्या एका बॅगेत कपडे होते आणि दुसऱ्या बॅगेत औषधं. इथल्या डॉक्टरकडे, म्हणजे ज्याला इथे हाउसआर्ट्स म्हणतात त्याच्याकडे, मी पहिल्यांदा गेलो तो अंगात ताप, घशात काटे आणि मनात अँटिबायोटिकची खात्री घेऊन. त्यानं मला पॅरासिटामॉल घ्या, भरपूर पाणी प्या आणि आठवड्यानं बघू असं सांगून दारापर्यंत पोचवलं. मी दोन वर्षं त्या माणसाला शिव्या घातल्या. मग एका हिवाळ्यात माझी खोकल्याची बाटली संपली, पुण्याहून कुणी येणारं नव्हतं, आणि मी चक्क आपोआप बरा झालो. त्या दिवसापासून मी बाटलो. आणि बाटलेला माणूस हा मूळच्यापेक्षा कडवा. कुणी नुसतं शिंकलं तरी मी म्हणायचो, "औषध नको. शरीराला लढू दे. त्याला शिकू दे."

माझी बायको इथल्या एका पाळणाघरात काम करते. रोज चौदा शेंबडी नाकं पुसून घरी येते. ती म्हणायची, "अरे, तुला शिकवायचंय ना शरीराला? ये एक दिवस आमच्याकडे. दुपारपर्यंत पीएच.डी. होईल."

तर तो रविवार.

बायकोची मावसबहीण ब्रेडाला राहायची. तिचा नवरा, म्हणजे माझा साडू, तिथल्या एका मालवाहतूक कंपनीत. कंपनीनं त्याला दोन वर्षांसाठी घानाच्या उत्तर भागात पाठवलं होतं. तो पुढे जाऊन घर लावून बसला होता, आणि आता मेहुणी आणि त्यांची साडेतीन वर्षांची मुलगी पुढच्या रविवारच्या विमानानं निघणार होत्या. म्हणून आम्ही दोघींना जेवायला बोलावलं. मसालेभात झाला, मठ्ठा झाला, बायकोनं बहिणीची ओटी भरली. मुलगी आमच्या सोफ्यावरून उड्या मारत होती आणि दर उडीला डचमध्ये आकडे म्हणत होती.

जेवण झाल्यावर मेहुणीनं पर्समधून औषधाचं एक खोकं काढून टेबलावर ठेवलं आणि त्याच्याकडे अशी बघत बसली, जसं काही ते खोकंच आधी बोलेल.

"प्रवासाच्या दवाखान्यातल्या नर्सनं पहिल्या महिन्यापुरत्या दिल्यात," ती म्हणाली. "हिच्या. मलेरियाच्या. रोज एक. पोचायच्या एक-दोन दिवस आधी सुरू करायची आणि तिथे असेपर्यंत रोज. रोज! भाऊजी, दोन वर्षं साडेतीन वर्षांच्या पोरीला रोज गोळी? मी आतला कागद वाचला. पोट दुखेल, उलटी होईल, वाईट स्वप्नं पडतील. माझी तर वाचूनच झोप उडालीय."

तिला कुणीतरी 'नको देऊस' असं म्हणणारं हवं होतं. हे मला आज कळतंय. तेव्हा मला एवढंच कळलं, की समोर श्रोता आहे, विषय माझा आहे आणि मठ्ठा पोटात गेल्यामुळे आवाज मोकळा आहे.

मी फोन काढला. त्यात त्या ठिपक्यांचं चित्र होतं. ते कुणाला दाखवायची परवानगी मला नव्हती. त्यात नावं नव्हती, गावं नव्हती, नुसते ठिपके होते, असं मी माझ्या मनाला सांगितलं, आणि माझं मन माझंच असल्यामुळे त्याला लगेच पटलं.

"हे बघ," मी म्हणालो. "ही आफ्रिकेतली मुलं. ही गोळ्या घेतलेली. लाल. ही न घेतलेली. हिरवी. कळतंय ना? गोळी रोज पहारा देते, मग शरीर म्हणतं, मी कशाला उठू? ते झोपतं. आणि ज्या दिवशी गोळी थांबते, त्या दिवशी..." इथे मी थांबलो. असं थांबल्यानं परिणाम होतो, हे मला कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेपासून माहीत आहे. तेव्हाही मला उत्तेजनार्थच मिळालं होतं.

"म्हणजे नाही द्यायच्या?" मेहुणीनं विचारलं.

"मी डॉक्टर नाही," मी म्हणालो. जगात हे वाक्य आजवर कुणीही नम्रपणे उच्चारलेलं नाही. "पण माझी मुलगी असती तर मी मच्छरदाणी लावली असती, अंगभर कपडे घातले असते आणि शरीराला शिकू दिलं असतं."

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "याचं ऐकू नकोस गं. यानं काल मायक्रोवेव्हमध्ये स्टीलची वाटी ठेवली होती."

पण मेहुणीच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला होता. तिनं ते खोकं उचललं आणि माझ्या हातात दिलं. "तुम्हीच ठेवा, भाऊजी. माझ्याजवळ राहिलं तर मी रोज उघडून तो कागद वाचत बसेन."

मी ते खोकं फ्रिजवर ठेवलं. संध्याकाळी त्यांना स्टेशनवर सोडून आलो तेव्हा मला फार छान वाटत होतं. आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो, असं.

बुधवारी त्या संशोधन गटापुढे माझं चित्र दाखवायचं होतं. खोलीत दोनच माणसं महत्त्वाची. एक गटाचा प्रमुख, उंच डच गृहस्थ, जो काहीही वाईट दिसलं की "इंटरेस्टिंग" म्हणतो. आणि दुसऱ्या डॉक्टरबाई, मूळच्या बुर्किना फासोच्या, पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर ठेवून बसणाऱ्या. हे सगळं रक्त गोळा करण्यात त्यांची कित्येक वर्षं गेली होती. त्या बोलायच्या कमी. बोलायच्या तेव्हा हळू बोलायच्या, म्हणून सगळे पुढे वाकायचे.

मी बटण दाबलं. ठिपके उमटले. "इंटरेस्टिंग," प्रमुख म्हणाला.

डॉक्टरबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "तो तिथला," त्या म्हणाल्या, "सगळ्यांत हिरवा. त्याच्यावर जरा क्लिक करा."

मी केलं. एक खिडकी उघडली. चार वर्षांचा मुलगा. गोळ्या नाहीत. एका पावसाळ्यात मलेरियाचा ताप चार वेळा. एकदा रक्त इतकं उतरलं की दवाखान्यात ठेवावं लागलं.

"आता सगळ्यांत लाल."

तीही चार वर्षांचीच मुलगी. सगळ्या गोळ्या वेळेवर. ताप, एकदाही नाही.

मी ती खिडकी पहिलीच्या शेजारी ओढली.

"म्हणजे," डॉक्टरबाई म्हणाल्या, "जी मुलगी पावसाळाभर ठणठणीत होती तिला तुम्ही धोक्याचा रंग दिलात. आणि जो मुलगा मरता मरता वाचला, तो तुमच्याकडे हिरवा."

मी म्हणालो, "पण अँटीबॉडीज..."

"तुमच्या देशात मुलं सायकल शिकतात?"

"हो."

"गुडघे फुटतात?"

"माझे पुष्कळ फुटले."

"मग गुडघ्यावरचे व्रण मोजून कोण चांगलं चालवतं ते तुम्ही ठरवता का? ज्याला जास्त व्रण त्याला बक्षीस?" त्या रागावलेल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "रक्तात त्या खुणा कमी आहेत, कारण रोग कमी वेळा आत शिरला. आधी एवढंच वाचायचं. त्या खुणांचा पुढे काहीच उपयोग नसतो असं मी म्हणत नाही. मोठी माणसं आमच्याकडे मलेरियानं सहसा मरत नाहीत, ती वर्षानुवर्षं तो सोसून शिकलेली असतात. पण त्या शाळेत सगळी मुलं शेवटच्या इयत्तेपर्यंत पोचत नाहीत. गोळ्यांनी ती ओळख जराशी उशिरा होत असेल, तर किती उशिरा, आणि त्यानं पुढे काही बिघडतं का, हे मी बघतेय. कित्येक वर्षं बघतेय. तुम्ही तीन आठवड्यांत रंगवून मोकळे झालात."

प्रमुखानं टिपणवहीत काहीतरी लिहिलं. माझं नाव असावं.

मी रंग बदलायचं कबूल केलं. सगळं निळ्याच्या छटांत करू म्हणालो, फिक्यापासून गडद, म्हणजे चांगलं-वाईट काही नाही. सगळे उठले. मी मात्र उठलो नाही, कारण मला एकाएकी आमच्या फ्रिजवरचं खोकं दिसलं होतं.

"डॉक्टर," मी म्हणालो, "मी अजून एक गोष्ट केलीय."

आणि मी सांगितलं. मठ्ठ्यासकट सगळं सांगितलं. फोनवर चित्र दाखवल्याचंही सांगितलं, कारण आता लपवून उरलं काय होतं.

चित्राबद्दल त्या जे बोलल्या ते मी इथे लिहीत नाही. थोडक्यात होतं आणि योग्य होतं. मग त्यांनी विचारलं, "त्या मुलीला आजवर कधी मलेरिया झालाय?"

"नाही. ती इथेच जन्मली."

"म्हणजे आमच्या गावातल्या मुलांकडे निदान आईकडून आलेलं थोडं संरक्षण असतं, पुढे थोडी सवय होते. हिच्याकडे काहीच नाही. तुम्ही म्हणताय गोळीनं तिची प्रतिकारशक्ती कमी होईल. जे मुळात नाहीच, ते कमी कसं होईल? आणि तुम्ही तिला शिकायला पाठवताय. ऐन पावसाळ्याच्या तोंडावर." त्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला. "केव्हा निघतायत?"

"रविवारी."

"मग उद्याच जा. फोनवर सांगू नका. फोनवर माणसं हो म्हणतात. आणि तिचा तुमच्यावर विश्वास बसला नाही तर मला फोन लावा. माझा तर बसला नसता."

घरी येऊन बायकोला सांगितलं. मला वाटलं ती ओरडेल. पण ती म्हणाली, "मी त्या दिवशी मायक्रोवेव्हवरून विनोद केला. विनोद करायला नको होता, सरळ खोकं परत तिच्या पर्समध्ये टाकायला हवं होतं." म्हणजे माझ्या मूर्खपणातला वाटासुद्धा ती घ्यायला तयार होती. याच्याइतकं लाजवणारं दुसरं काही नसतं.

गुरुवारी सकाळी मी सुट्टी टाकून निघालो. सायकल स्टेशनवर लावली, फलाटावर आलो. लॅपटॉप होता, चार्जर होता, वाटेत खायला चकल्या होत्या, पोरीसाठी रंगीत खडूसुद्धा होते. गाडी यायला सहा मिनिटं असताना मागून सायकलची घंटा वाजली. फलाटावर सायकल चालवायला बंदी आहे. माझी बायको ती चालवत आली, अंगात पाळणाघराचा एप्रन, हातात फ्रिजवरचं खोकं.

"तिथे जाऊन काय देणार होतास? चकली?"

खोक्याबरोबर तिनं एक डबा दिला. त्यात श्रीखंड होतं. इथे चक्का मिळत नाही म्हणून आम्ही दुकानातल्या क्वार्कचं करतो, आणि खरं सांगायचं तर पुण्यापेक्षा बरं होतं. "नर्स म्हणाली होती ना, दुधाबरोबर किंवा साईच्या खाण्याबरोबर द्या म्हणून? गोळी कुटून यात घाल. कडू लागणार नाही. आणि तू बोलू नकोस फार."

डेव्हेंटरला गाडी बदलली. पुढे आर्नहेम, नाइमेखेन, टिलबर्ग. जवळजवळ तीन तासांचा प्रवास. मी चार-पाच भाषणं तयार केली. प्रत्येक भाषणात सुरुवातीला मी फारसा चुकलेला नसायचो, मग एकेक स्टेशन जाईल तसा जास्त चुकत गेलो. ब्रेडाला उतरलो तेव्हा नुसतं "माझं चुकलं" एवढंच शिल्लक होतं.

मेहुणीच्या घरात सगळीकडे खोकी. ती जमिनीवर बसून वजनकाट्यावर बॅग ठेवत होती. मला बघून तिला आनंदच झाला. "भाऊजी! तुम्ही? अहो, कशाला एवढ्या लांब?"

मी खोकं पुढे धरलं. "ह्या गोळ्या तिला द्यायच्या. मी जे सांगितलं ते चूक होतं. साफ चूक."

ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतोय. हा माझ्या स्वभावाचा दोष. मी घर जळतंय म्हणून सांगितलं तरी लोक टाळी द्यायला हात पुढे करतात.

मग मी जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. रंगांचं, त्या हिरव्या मुलाचं, लाल मुलीचं, सायकलच्या गुडघ्यांचं. ऐकता ऐकता तिचं हसू गेलं. मी संपवलं तेव्हा ती काही वेळ बॅगेची चेन उघडझाप करत राहिली.

"भाऊजी," ती म्हणाली, "रविवारी तुम्ही इतक्याच खात्रीनं सांगत होतात. आज पण तितक्याच खात्रीनं सांगताय. मी कुठल्या खात्रीवर विश्वास ठेवू?"

मी हातातलं खोकं तिच्या बॅगेवर ठेवलं.

"आणि तुम्हाला माहितीये," तिचा आवाज चढला, "चार दिवस मी नीट झोपलेय. किती दिवसांनी! तुम्ही ती झोप दिलीत आणि आता परत घ्यायला आलाय. नर्स सांगते द्या, आई पुण्याहून सांगते गुळवेल दे, हे तिथून सांगतात तुला पटेल ते कर. मला पटेल ते! मला काय कळतं त्यातलं? तुम्ही एकटे होतात ज्यांनी चित्र दाखवून समजावलं."

"चुकीचं चित्र."

"पण समजावलंत तर."

मी फोन लावला. डॉक्टरबाई पडद्यावर आल्या. मागे त्यांची पुस्तकं, कपाळावर चष्मा. मी फोन मेहुणीच्या हातात दिला आणि आयुष्यात पहिल्यांदा बायकोचं ऐकून गप्प बसलो.

दोघी इंग्रजीत बोलल्या. डॉक्टरबाईंनी आधी तिला मुलीचं वजन विचारलं, खोक्यावर काय लिहिलंय ते वाचायला लावलं, आणि नर्सनं दिलंय ते बरोबर आहे असं सांगितलं. काही त्रास झाला तर तिथल्या डॉक्टरला दाखव, गोळी बदलून मिळते, पण आपल्या मनानं थांबवू नकोस, म्हणाल्या. मग मेहुणीनं धीर करून विचारलं, की तुम्हाला मुलं आहेत का?

"दोन," त्या म्हणाल्या. "मुलगा झाला तेव्हा आमच्या भागात ह्या पावसाळी गोळ्या आलेल्या नव्हत्या. त्याच्या रक्तात अँटीबॉडीज भरपूर आहेत, मी स्वतः मोजल्यात. त्या मिळवताना त्याला दोनदा आकडी आली. दुसऱ्या वेळी दवाखाना लांब होता. माझा भाऊ मोटरसायकल चालवत होता, मी मागे बसले होते, मुलगा मांडीत. पाऊस होता. मी डॉक्टर आहे, मला सगळं माहीत होतं, आणि मी वाटभर नुसती त्याच्या तोंडाजवळ हात धरून श्वास लागतोय का बघत होते." त्या थोड्या थांबल्या. ते थांबणं वक्तृत्वातलं नव्हतं. "आता तो माझ्याहून उंच आहे, उलट उत्तरं देतो. मुलीच्या वेळी गोळ्या आल्या होत्या. तिच्या अँटीबॉडीज कमी भरल्या. तिच्या पावसाळ्यांतलं मला काहीसुद्धा आठवत नाही. आठवावं असं काही घडलंच नाही."

मेहुणीनं फोन माझ्याकडे दिला. डोळे पुसले नाहीत, पण नाक ओढलं. "आणा तो डबा," ती म्हणाली.

पोचायला तीन दिवस होते. नर्सनं एक-दोन दिवस आधी म्हणून सांगितलेलं. पण मेहुणी म्हणाली, उद्यापासून द्यायचीच आहे तर आज तुमच्यासमोरच एकदा देऊन बघते, ही घेते की नाही ते मला आत्ता कळू दे. डॉक्टरबाई अजून फोनवर होत्या, त्या म्हणाल्या, एक दिवस आधी सुरू झाली तर काही बिघडत नाही.

मी लगेच सूत्रं हातात घेतली. दोन वाट्या आणल्या. दोन्हींत श्रीखंड. एकीत गोळी कुटून घातली, नीट कालवली. दुसरी साधी. बेत असा, की काका आधी आपल्या वाटीतलं मिटक्या मारत खाणार आणि मग ती खाणार. मुलगी खुर्चीवर उभी राहून बघत होती.

"दॅट इज व्हीस," तिनं आधीच निकाल दिला. इथल्या मुलांच्या तोंडात हा शब्द पहिला येतो, व्हीस, म्हणजे घाण, छी.

"छी नाही गं! बघ हं, काका कसा खातो," असं म्हणून मी मोठा चमचा भरून तोंडात घातला, दुसरा घातला, वाटी चाटूनपुसून साफ केली आणि डोळे मिटून "वाऽ!" म्हणालो.

डोळे उघडले तर मेहुणी तोंडावर हात ठेवून उभी.

"भाऊजी, ती औषधाची होती."

फोनवर डॉक्टरबाई इतक्या हसल्या की कपाळावरचा चष्मा खाली पडला. लहान मुलाची एक गोळी, तुम्हाला काही होणार नाही, असं त्या हसता हसता म्हणाल्या, आणि वर हेही, की आता निदान या घरात एका माणसाला तरी मलेरिया होणार नाही. मुलीला काय झालं ते नीट कळलं नाही, पण काकाचं काहीतरी जबरदस्त चुकलंय एवढं कळलं. लहान मुलांना मोठ्यांची चूक वासावरून कळते. ती खुर्चीवर नाचायला लागली. "काकानं माझं औषध खाल्लं! काकानं माझं औषध खाल्लं!" आणि क्षणभरात तो तिचा हक्काचा माल झाला. मेहुणीनं दुसरी गोळी कुटली, कालवली. पोरीनं वाटी दोन्ही हातांनी छातीशी धरली, माझ्याकडे पाठ केली, आणि मी हिसकावून घेऊ नये म्हणून भराभर संपवली.

मेहुणीनं अपोथेकमध्ये, म्हणजे इथल्या औषधाच्या दुकानात, फोन करून विचारलं की एक गोळी कमी पडेल, काय करू. पलीकडच्या बाईनं कारण विचारलं. मेहुणीनं खरं कारण सांगितलं. अख्ख्या ब्रेडाला कळलं असणार.

रविवारी त्या गेल्या. मी पुढचे काही आठवडे सकाळी उठल्या उठल्या फोन बघायचो. बायकोही बघायची, पण माझ्या नकळत. पहिल्या महिन्यात मुलीला दोनदा उलटी झाली, तिथल्या डॉक्टरनं गोळी जेवणानंतर द्यायला सांगितली, मग थांबली. आमच्याकडे माझे ठिपके निळे झाले. प्रमुख त्यांना बघून काहीच बोलला नाही, म्हणजे चांगले असावेत. डॉक्टरबाई आता मला सगळ्यांसमोर विचारतात, "आज काय खाऊन आलात?"

मग तिकडचा पावसाळा ऐन भरात असताना एका शनिवारी दुपारी मेहुणीचा फोन आला. मागे कोंबड्यांचा आणि पोरांचा गलका.

"भाऊजी, आमच्या गल्लीत आज गोळ्या देणाऱ्या बायका आल्यात. तुमच्या त्या पावसाळी गोळ्या. घरोघर फिरतायत. आमच्या दारात पण आल्या होत्या. मी सांगितलं, हिला रोजची चालू आहे, तर वहीत तसं लिहून घेतलं. शेजारच्या पोराला आता देतायत. दोन वर्षांचा आहे, काय ताकद आहे त्याच्यात! त्याच्या आईला आवरेना म्हणून मी पाय धरलेत. एका हातानं. दुसऱ्या हातात फोन आहे."

"आधी पाय धर, फोन मग कर."

"थांबा, एक विचारायचंय. ह्याच्या पण अँटीबॉडीज मग कमीच राहणार ना?"

मी या वेळी घाईनं उत्तर दिलं नाही. डॉक्टरबाई जितपत म्हणाल्या होत्या तितपतच म्हणायचं ठरवलं. "थोड्या कमी राहत असतील," मी म्हणालो. "पुढे त्याचं काय होतं ते अजून बघतायत."

"राहू देत," मेहुणी म्हणाली, आणि पलीकडे कुणीतरी जोरात थुंकलं, दोन बायका एकदम ओरडल्या, आणि फोन बहुतेक चिखलात पडला.